एका गाडीपुरता पूल

४ मार्च, सोमवार

— त्या सकाळी पाणी भरून झालं होतं. केर काढला, दूध तापवलं, भिजवलेले कपडे धुवायला घेतले. हे दारात खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "छातीत जड वाटतंय गं." मी म्हटलं, पडा जरा, एवढे वाळत घालते आणि आलेच. पिळले, झटकले, चिमटे लावले. एकही बादलीत ठेवला नाही. अर्धा तास तरी गेला. मग फोन केला. रुग्णवाहिका नदीला वळसा घालून आली. चाळीस मिनिटं. तोवर सगळं आटपलं होतं.

लोकांना मी ती चाळीस मिनिटं सांगते. अर्धा तास सांगत नाही.

त्या चाळीस मिनिटांवरच निवडून आले. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. पुढच्या सोमवारी नदीवरच्या पुलाचा ठराव मतदानाला येतोय, आणि सभागृहात पुन्हा तेच सांगायचं आहे. म्हणून आज ती सकाळ डोक्यातून जात नाही.

५ मार्च

ठरावाची जाडजूड प्रत आली. बाकीचे पुढची दोन पानं वाचतात. मी मागून सुरुवात करते. शिवणकामातली सवय — कापडाची उलटी बाजू आधी बघायची. ओळीखाली बोट धरून वाचते, हसणारे हसोत. मला कोणी शाळेत घातलं नव्हतं. रद्दीच्या कागदांवर शिकलेय.

शेवटच्या तक्त्यात पूल आहे — दोन गाड्या शेजारून जातील एवढा रुंद. आणि घाटरस्त्याची संरक्षक भिंत होती, ती खोडलेली! समोरच्या बाकांवरच्या छत्रीवालीची ती मागणी. (ऊन असो, सावली असो, छत्री हातात. म्हणून हे नाव.) तिच्या घाटात दरड कोसळते, आणि शाळेची बस त्याच रस्त्याने जाते.

आमचे तीस, त्यांचे तीस. सारखी मतं पडली की ठराव पडतो, असा इथला नियम. म्हणजे पलीकडचा एक हात हवाच. आणि आपल्या लोकांनी नेमकी तिचीच भिंत खोडली!

६ मार्च

इस्पितळाच्या आवारात जाऊन रुग्णवाहिकेची रुंदी मोजली. माझ्याच टेपने. आरसे धरून. ड्रायव्हर म्हणाला, काय मावशी, गाडीला झबलं शिवताय का? म्हटलं, पूल शिवतेय.

एका गाडीचा पूल पुरतो. दोन्ही बाजूंना माणसं चालायलाही जागा उरते. वाचतील त्या पैशांत भिंत होते. अभियंत्याला विचारलं. त्याने दोनदा आकडेमोड केली आणि मान हलवली.

७ मार्च

आमच्या प्रतोदाला सांगितलं. मतदानाला सगळ्यांना हाकत आणतो, म्हणून आम्ही त्याला गुराखी म्हणतो. तो उखडला. रुंद पुलाचा शब्द त्याने कुणाकुणाला दिलाय. म्हणे, "काकू, टेपने ब्लाउजची मापं घेतात, पुलाची नाही."

म्हटलं, माप चुकलं की दोन्ही उसवावी लागतात. तू पलीकडचा एक हात आण, मी रुंद पुलाला मत देते.

संध्याकाळी मुकाट्याने आला. दुरुस्ती मान्य. वर सल्ला — सोमवारी चाळीस मिनिटांचं सांगताना रडू आलं तर आवरू नका.

८ मार्च

छत्रीवालीशी उपाहारगृहात बोलले. कोपऱ्यातलं टेबल, मध्ये छत्री. तिने तक्ता नीट वाचला. मग म्हणाली, "ताई, तुमच्या बाजूचे सगळे थापाडे. पण तुमची गोष्ट खरी आहे. तेवढ्यावर मी हात वर करीन. पक्ष काढून टाकेल मला — टाकू दे."

पाणी प्यायले. तक्त्याची घडी घातली आणि उठले.

९ मार्च

काही सुचत नाही. भाषणाची दोन पानं शिवली, दोन्ही उसवली.

१० मार्च, रविवार

खरं सांगितलं तर छत्रीवाली मागे फिरेल आणि पूल गेला. नाही सांगितलं तर ती माझ्या अर्ध्या गोष्टीवर स्वतःचा पक्ष घालवणार. दिवसभर हेच. ह्यांच्या फोटोकडेही बघवेना. शेवटी ठरवलं. पण सभागृहाआधी घरात सांगायला हवं होतं.

नणंद माझ्याजवळच राहते. "माझ्या भावाला त्या नदीने नेलं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती. समोर बसले आणि सांगून टाकलं — जड वाटतंय म्हणाले होते, मी कपडे वाळत घालत राहिले, अर्धा तास.

तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "वहिनी, त्या संध्याकाळी दोरीवरचे कपडे मीच काढले. सगळे होते. चिमट्यांसकट. घाईने धावलेल्या बाईचे अर्धे बादलीतच राहतात. मला त्याच दिवशी कळलं."

तीन वर्षं! एका शब्दाने बोलली नाही. विचारलं, का? तर म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

मग दोघी मिळून भाजी निवडली. सोमवारचं भाषण फाडून टाकलं.

११ मार्च, सोमवार

घंटा वाजली, दारं बंद झाली. मी उभी राहिले आणि कपड्यांचं सांगितलं. मग म्हटलं, माझ्या माणसाला हा पूल वाचवू शकला असता की नाही, मला माहीत नाही. जी बाई लगेच फोन करेल, तिच्यासाठी तो हवा आहे. गुराख्याने कपाळाला हात लावला. माझ्या बाजूला कोणी बघेना. मतदान पुकारलं तेव्हा मी हात वर केला आणि समोर बघितलं. छत्री बाकाखाली पडली होती. तिचा हात वर होता.