आडवा आलेला फणस

प्रिय अण्णा,

भरमा उद्या मस्कतला परत निघालाय, त्याच्या हाती हे देते. मोबाईलवर लिहिलं असतं तर तू तडक फोन लावला असतास, आणि फोनपाशी आई ठाण मांडून असते. गेला महिनाभर तुझा व्हिडिओ कॉल झाला की तिचं एकच, “नाग्याचं तोंड दिसंना गं, लई तुटतंय.” ऐकून ऐकून माझ्या डोक्याचा भुगा झालाय.

तू गच्चीवर बसवलेली इंटरनेटची डिश मी रोज पुसते. डिश आणि खानापूरचा टॉवर यांच्यामध्ये काही आडवं नको, पाच गिगाहर्ट्झच्या लहरी ओल्या पानांत अडकतात, असं तू बजावलं होतंस. नेमका शामूकाकांचा फणस मध्ये वाढलाय. दोन पॉइंट चार गिगाहर्ट्झवर उतरावं, तर सगळ्या गल्लीचं वायफाय त्याच लहरींवर, नुसती झोंबाझोंबी! मग गेले काकांकडं. लागत्या झाडाला कोयता लावायचा म्हटल्यावर काका पाठ फिरवून चालते झाले. शेवटी आपणहून आले, बुंध्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, झाडाला हात जोडले आणि फांदी उतरवली. काकू आत जाऊन रडल्या. मलाही कसंतरीच झालं बघ.

रविवारी तुझा फोन आला. काय स्वच्छ दिसलास रं! दाढी करताना हनुवटीवर कापलेलंसुद्धा दिसलं. मी उड्या मारायचीच बाकी होते. आणि आई तुझ्याकडं बघत म्हणाली, अजून तुटतंयच की. तू हसलास. मी मात्र आईच्या डोळ्यांकडं बघत राहिले. फोन ठेवल्यावर मी तुझ्या शर्टाचा रंग विचारला, तर “असू दे, कुठला का असंना” म्हणून उठून गेली.

दुसऱ्याच दिवशी तिला बेळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू आहे, अण्णा. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले, उरलेली औषधानं टिकवायची. “नाग्याला सांगशील तर माझी शपथ हाय,” असा बसमध्ये दम दिलाय तिनं मला. मोडली मी शपथ. परवा तुझा फोन कधीच कट झाला होता, तरी ती काळ्या स्क्रीनला, चटणी पाठवू का रं, म्हणून विचारत बसली होती. साहेब सुट्टी देवो न देवो, तू ये. अगदी समोर बसलास तर अजून दिसशील तिला.

तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलेली, तुझीच
नीलम