दोन वाट्या पॉरिज

२९ ऑक्टोबर १९९१, मंगळवार

शनिवारी पहाटे उठलो, अंघोळ केली, गणपतीपुढे निरांजन लावलं आणि पाणीसुद्धा न पिता बाहेर पडलो. संकष्टी होती. चंद्रोदयापर्यंत काही घ्यायचं नाही – चौथीच्या परीक्षेपासूनचा नेम, आईने लावलेला. एडिनबऱ्यात चंद्र ढगाआडच असतो. मी पंचांगातली वेळ धरतो, पण मोडलेला नाही कधी.

सुहासिनी दारात आली. "अहो, समुद्रात उतरायचंय. निदान दूध तरी घ्या." मी बूट घालत राहिलो.

तीन तास गाडी, मग बोट. आमच्या डायव्हिंग क्लबचा प्रमुख केनेथ प्रत्येकाला विचारतो – खाल्लंत का, बरं वाटतंय का. मी म्हटलं, "टू बोल्स ऑफ पॉरिज!" – इथल्यांची न्याहारीची ओटची लापशी. सगळे हसले. "वी'ल मेक अ स्कॉट ऑफ यू येट, डॉक!"

उपास सांगितला असता तर बोटीवरच बसवलं असतं. आणि सगळ्यांसमोर देवाधर्माचं समजावत बसायचं – लाज वाटली. लिहितोय तर खरं लिहावं. लाज वाटली.

३० ऑक्टोबर

काल पुढचं लिहवेना.

पाण्याखाली छत्तीस मीटरवर एक कडा आहे. वर सगळं काळं हिरवं, आणि टॉर्चचा झोत टाकला की स्पंजच स्पंज – पिवळे, नारिंगी, काही सुपाएवढे. जिवंत, पण जन्मभर एका जागी. तिथे मला गाभाऱ्यात शिरल्यासारखं वाटतं. त्यासाठीच जातो.

जोडीने उतरायचं असतं. माझा जोडीदार अजय – आमच्या घरोब्यातल्या वैजयंतीवहिनींचा मुलगा, सत्तावीस वर्षांचा, इथेच जन्मलेला. मला थंडी भरली. दिसायचं कमी होत गेलं. हातातला टॉर्च सुटला, तो पडताना पाहिला. मग अजयची पकड.

वर येताना सहा मीटरवर थांबावं लागतं, रक्तात मुरलेला वायू निघून जाईपर्यंत; नाहीतर त्याचे बुडबुडे एखाद्याला लुळं करतात. मी गळून गेलो होतो. तो थांबला नाही, मला घेऊन थेट वर आला.

मला काही झालं नाही! बोटीवर तोच विचारत होता, "काका, ओके ना?" दहा मिनिटांनी म्हणाला, "माझा पाय कुठे गेला?"

२ नोव्हेंबर

अजयला प्रेशर चेंबरमध्ये सहा वेळा ठेवलं. कमरेखाली अजून काही नाही.

७ नोव्हेंबर

अजयला भेटायला गेलो. वहिनींनी खुर्ची मलाच दिली. "भावोजी, तुम्ही वाचलात ही देवाची कृपा. हा मेला लहानपणापासून घाईचा!"

"आई, स्टॉप इट ना. माझा चूक आहे, आय नो. काकांना तिथे होल्ड करायला पाहिजे होता. आय पॅनिक्ड."

मी सफरचंद कापत बसलो. दोन कापली. कोणी खाल्लं नाही.

११ नोव्हेंबर

हॉस्पिटलात भूल देण्याआधी एका आजीबाईंना नेहमीचं विचारलं – शेवटचं कधी खाल्लंत? खरं सांगा, खोटं सांगितलंत तर जिवावर बेतेल. वीस वर्षं रोज हेच बोलतो. त्या म्हणाल्या, "नॉट अ ड्रॉप, सन."

 

१८ नोव्हेंबर

केनेथचा फोन. पुढच्या सोमवारी कमिटी बसणार. अहवालात येणार – अजय घाबरला आणि वर पळाला. "गुड लॅड. बट ही लॉस्ट द हेड." मी "हं" म्हणालो. हं!

सुहासिनी स्वयंपाकघरातून ऐकत होती. "रोज तास-तास बसता देवापुढे. त्याला काय सांगता हो?"

मग म्हणाली, "तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

२३ नोव्हेंबर

पाय येतील, न येतील. पण हे आपणच ओढवून घेतलं असं तो जन्मभर समजेल. त्याची आईही.

देवापुढे बसलो. त्याने उपास मागितला असेल. खोटं मागितलं नव्हतं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज संकष्टी. सकाळी ओट्याशी उभं राहून दोन वाट्या पॉरिज खाल्लं. मग अजयकडे. वहिनीही होत्या. सगळं सांगितलं. तो छताकडे बघत म्हणाला, "काका, प्लीज जा." वहिनींनी दार उघडून धरलं.

संध्याकाळी कमिटीला लिहून दिलं – मी उपाशी होतो, मी खोटं बोललो, अजयने मला वाचवलं. खाली सही केली.