घागरीचं शेवटचं कडवं

९ जानेवारी २००६, सोमवार

आल्या! लिनक्सच्या सीड्या आल्या! उबुंटू, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं सॉफ्टवेअर — गठ्ठाच्या गठ्ठा, थेट परदेशातून. पोस्टाचा खर्चही त्यांचाच. दिवाळीनंतर नारायणगावच्या सायबर कॅफेत बसून पत्ता भरला होता. 'एसटी स्टँडसमोर, राजुरी' एवढ्यावर पोचल्या.

पोस्टमन पाकीट हातात धरून उभाच. "भाऊ, किती पडलं याचं?" फुकट, म्हटलं. "मग कायतरी खोट असनार बगा." हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. गावातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर चोरीचं विंडोज आहे, त्यात कुणाला खोट दिसत नाही. चोरलेलं चालतं, प्रेमानं दिलेलं चालत नाही!

१५ जानेवारी, रविवार

माझ्या टायपिंग-छपाईच्या दुकानातल्या नव्या मशीनवर लिनक्स चढवलं. मॉडेम ओळखत नाही. प्रिंटर ओळखतं. आपलं पोट प्रिंटरवर आहे, तेव्हा ठीक.

२६ जानेवारी, गुरुवार

शाळेतलं झेंडावंदन उरकून दुकान उघडलं. बेल्ह्याचे एक पावणं फ्लॉपी घेऊन हजर. थोरलीच्या लग्नाची पत्रिका त्यात आहे, आता धाकटीची छापायची. "नावं तेवढी बदला, बाकी मजकूर त्योच ऱ्हाऊ द्या." लिनक्सवर उघडली तर नुसता कचरा! गणपतीच्या श्लोकाच्या जागी डॉलर आणि टिंबं. विकतचा फॉन्ट, दुसरीकडं चालतच नाही. आपलीच भाषा आणि वाचायला कुलूप! शेवटी कोपऱ्यातलं जुनं विंडोजचं मशीन सुरू केलं आणि मुकाट्यानं पत्रिका छापली. तत्त्व तत्त्वाच्या जागी, लग्नसराई लग्नसराईच्या जागी.

घरी येऊन हे सगळं बाबांना तावातावानं सांगितलं. बाबांनी पाटी पुढं ओढली आणि लिहिलं — "जेव आदी." गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं बोलणं असं पाटीवर. सगळ्या तालुक्यात ज्या माणसाच्या आवाजासाठी गायन पार्टीला बोलावणं यायचं, त्याच्या हातात आता खडू. मला अजून सवय होत नाही. त्यांना झाली.

५ फेब्रुवारी, रविवार

डोकं फिरलंय.

नवनाथच्या दुकानात गेलो होतो, स्पीकरची वायर आणायला. साउंड सर्व्हिस त्याची, १४ एप्रिलच्या जयंतीसाठी आतापासून गाणी गोळा करतोय. त्यानं एक नवी सीडी लावली. कळंबच्या गेणभाऊंची गायन पार्टी. आणि सुरू झालं —

घागर माझी भरली गं, वाट कुणी ना अडवली गं

बाबांचं गाणं! 'भागुजी आणि पार्टी'चं सगळ्यात गाजलेलं. पाणवठ्यावर पहिल्यांदा बिनधास्त घागर भरणाऱ्या बाईचं गाणं. मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. बाईच्या मनातलं एका पुरुषाला इतकं कसं कळलं, याचं मला कायम आश्चर्य वाटत आलंय. आमच्यात शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं, ही रीत. बाबा म्हणायचे —

डोईवर पाणी, ताठ ही मान
भागुजी सांगे, झालो समान

सीडीत काय आहे? 'गेणभाऊ सांगे'! भागुजी काढून गेणभाऊ कोंबलंय. बसतही नाही तिथं, ढोलकी चक्क अडखळते. तरी लोक घेतायत सीडी!

६ फेब्रुवारी, सोमवार

नवनाथशी भांडण. म्हणाला, "राव, तू सोता सीड्या फुकट वाटत फिरतो. घ्या, बदला, दुसऱ्याला द्या म्हनतो. मग त्या गेणभाऊनं एक गानं घेतलं तर तुला मिरच्या का झोंबल्या?"

कारण नाव पुसलं! घ्या, बदला, पुढं द्या — पण ज्यानं लिहिलं त्याचं नाव पुसायचं नाही. अख्खं लिनक्स यावर उभं आहे. जगभरातले लोक पगाराशिवाय राबतात. त्यांना तेवढंच मिळतं — नाव. हे मी नवनाथला टेबलावर हात आपटून सांगितलं. तो म्हणाला, "टेबल मोडू नको."

बाबांना विचारलं, राग येत नाही का? पाटीवर उत्तर: "गातोय ना. मरूंदी." आणि लगेच फडक्यानं पुसून टाकलं. आई चुलीपाशी होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. या घरात मला एकट्यालाच राग येतो!

१९ फेब्रुवारी, रविवार

कळंबला जाऊन आलो. मोटरसायकलवर रस्ताभर भाषण पाठ करत गेलो. गेणभाऊ साठीतला माणूस, अंगणात पेटीचे सूर दुरुस्त करत बसलेला. "राजुरीच्या भागुजीबाबाचं तुमी? या, बसा, पानी घ्या." चहा आला, खारी आली, माझ्या भाषणातली निम्मी हवा तिथंच गेली.

उरलेली निम्मी सोडली. त्यांनी पेटी बाजूला सारली. म्हणाले, हे गाणं त्यांना पारनेरकडच्या एका पार्टीकडून मिळालं. त्या पार्टीत शेवटी भलतंच नाव होतं. "मला वाटलं, ज्यो गाईल त्यानं आपलं नाव घालायचं. मंग म्या माजं घातलं." मी म्हटलं, गाणं बाबांचं आहे. त्यावर म्हणाले, "आसंल. भागुजीबाबा लई मोठा गळा. पन मी नुसतं तुमच्या तोंडावर कसं मानू? जुनी कॅसेट आना. शेवटचं कडवं मला ऐकवा. जयंतीला भर स्टेजवर खरं नाव घेऊन गाईन. आन् पुढच्या सीडीवर छापीन."

चोराला जाब विचारायला गेलो होतो, माणूस भला निघाला. भल्या माणसाशी भांडायला फार जड जातं.

आता कॅसेट हवी. बाबा परत कधी गाणार नाहीत. निदान त्यांचं नाव तरी गाण्याबरोबर राहावं. मला दुसरं काही नको.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

पत्र्याच्या पेटीत कॅसेट सापडली! रत्नाआत्याच्या लग्नात रेकॉर्ड केलेली. वरती बाबांच्या अक्षरात 'घागर'.

१२ मार्च, रविवार

दिवसभर वीज! कशी कोण जाणे. लोडशेडिंगवाले विसरले असतील. नवनाथचा टेपरेकॉर्डर, एक वायर, साउंड कार्ड आणि ऑडॅसिटी. हे सॉफ्टवेअरसुद्धा फुकट, उघडं, कुणीही आत डोकावून पाहावं असं. विकतच्याच्या तोंडात मारेल असं काम करतं. आधी तीन कडवी कॉम्प्युटरवर घेतली. लग्नातला कालवा, कुणाचं तरी रडणारं पोर, पंगतीला वाढणाऱ्यांची ओरड — बरंच खाली दाबलं. आणि मग बाबांचा आवाज वर आला. स्वच्छ. तरणाबांड.

बाबांना दुकानात बोलावून कानाला हेडफोन लावला. ते डोळे मिटून बसले. ओठ हलत होते. मी स्टेपलर शोधायच्या निमित्तानं टेबलाखाली वाकलो आणि जरा वेळ तिथंच राहिलो. रडू आलं, लिहायला लाज कसली.

आणि मग घात झाला. शेवटचं कडवं घ्यायला टेप पुढं चालवली आणि ती अडकली. 'डोईवर पाणी' आणि पुढं नुसतं घरघर. टेपरेकॉर्डरनं फीत चावली. पेन्सिलीनं गुंडाळून पाहिली, सरळ करून पाहिली. गेली! बरोबर नावाच्या जागी गेली.

चूक माझीच. इतकी जुनी कॅसेट आधी हातानं फिरवून सैल करायची असते. एरवी जगाला बॅकअप घ्या म्हणून सांगतो!

१३ मार्च, सोमवार

बाबांना कॅसेटचं सांगितलं. पाटीवर: "आईला म्हन गायला." मी समजलो थट्टा करतायत.

२६ मार्च, रविवार

थट्टा नव्हती. बाबा रोज तेच लिहितायत. विचार केला, खरंच की. आईनं बाबांच्या तोंडून हे गाणं हजारदा ऐकलंय. भाकरी थापताना गुणगुणतेही. शेवटचं कडवं मात्र कधी म्हणत नाही. तिथं आली की थांबते, तव्याकडं बघते. मला वाटायचं, तिला येत नसेल.

आज विचारलं. "मला न्हाई जमायचं. कांदं काढायला जायचंय." उद्या? "उद्या बी कांदं." कांदे संपल्यावर? "मंग बगू." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्यापुढं माईक धरणार आहे आणि ती कांद्यामागं लपतेय!

गेणभाऊंना फोन केला, एसटीडी बूथवरून. कॅसेट खराब झाली, पण आईला पाठ आहे, तिच्या आवाजात चालेल का? म्हणाले, "वैनी म्हनत्याल ते मला मान्य."

२ एप्रिल, रविवार

कांदे संपले. आता "घसा बसलाय." घसा ठणठणीत आहे, शेजारणीशी भांडताना ऐकलाय.

बाबांनी आज चिडून पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि तिच्यापुढं धरली — "म्हन. खरं म्हन." आईला वाचता येतं, प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जायची. तिनं पाटी उलटी करून ठेवली. जेवताना दोघांपैकी एकानंही मान वर केली नाही. एवढं काय आहे त्या कडव्यात?

९ एप्रिल, रविवार

आई तयार झाली! संध्याकाळी आपणहून म्हणाली, "उद्या लाईट कवा हाय?" दुपारी, म्हटलं. "मंग दुपारी."

मी तयारी करून ठेवलीय. कॅसेटमधली तीन कडवी बाबांच्या आवाजात, चौथं आईच्या. फाइलबरोबर एक मजकूरही जोडलाय, सॉफ्टवेअरच्या लायसनसारखा. माझं आवडतं काम! 'हे गाणं कुणीही गावं, कुणालाही द्यावं, चाल बदलली तरी चालेल. रचनाकार — भागुजी, राजुरी. हे नाव पुसू नये.' बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी खडू उचलला, काहीतरी लिहिणार होते, पण आईकडं बघून परत ठेवून दिला.

१० एप्रिल, सोमवार

दुकानाचं शटर अर्धं ओढलं. आई माईकपुढं पदर सावरून बसली. बाबा तिच्या शेजारी, मांडीवर ठेका धरून. तिचा आवाज बारीक, पण सुरात.

डोईवर पाणी, ताठ ही मान
अंजना सांगे, झालो समान

ठेका कुठंच अडखळला नाही. अंजना माझ्या आईचं नाव.

मी रेकॉर्डिंग थांबवायचंही विसरलो. बाबांनी पाटी पुढं केली. आधीच लिहून आणली होती. "गानं तिचं. सगळी गानी तिची. माजा नुसता गळा." आई म्हणाली, "तवा पार्टीत बाईचं नाव कोन घेनार व्हतं? म्याच म्हनले यान्ला, तुमचं घाला."

मग स्क्रीनवर उमटलेल्या तिच्या आवाजाच्या निळ्या रेघांकडं बघत राहिली. "हे पुसता येतं का रं?"

येतं, म्हटलं.

"मंग पुसू नको."