मागे सरकणारी खूण

मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व
८ सप्टेंबर २०२४

प्रिय मर्विन,

देवाच्या दयेने आम्ही दोघं बरे आहोत, तूही बरा असशील. पपांचा गुडघा होता तसाच आहे. शेजारच्या उर्सुला आंटीचा कोंबडा अजून भलत्याच वेळी आरवतो. तळ्याच्या बाजूला आणखी एक काचेची इमारत उठली, त्यामुळे दुपारी आपल्या ओट्यावर दोन दोन सूर्य तळपतात.

फोन न करता पत्र का, असं वाटेल तुला. मम्मी गेल्यावर तिच्या महिन्याच्या मिस्साची चर्चमधली प्रार्थना झाली आणि तू घर बिल्डरला देण्यावरून भांडून गेलास, तेव्हापासून आपण एकमेकांना फोन करत नाही. एवढी जपलेली सवय उगाच कशाला मोडायची? तुझा डब्लिनचा पत्ता कुठून मिळाला ते पुढे येईलच.

एका बाबतीत तुझा सल्ला हवा आहे. मला पपांचा संशय येतोय.

मे महिन्यात त्यांच्या नावाने एक पार्सल आलं. कोणी पाठवलं विचारलं तर म्हणाले, "जुना दोस्त." आत एक जाड इंग्रजी कादंबरी. सगळ्या जगाने वाचलेली आहे म्हणे, फक्त आपल्या घरातच आली नव्हती. पहिल्याच पानावर नकाशा, पण त्यातला एकही देश खरा नाही. आपले पपा कसे ते तुला माहीत आहे. आयुष्यभर कारखान्यात लेथवर उभे राहिले, आणि पेपर उघडला तर फक्त कोण वारलं ते बघायला. तो माणूस भिंग घेऊन खोट्या डोंगरांची नावं वाचत बसतो, तेव्हा पोटच्या पोरीने काय समजायचं?

चर्चची संध्याकाळची घंटा झाली की ते पुस्तक आणि फोन घेऊन आतल्या खोलीत जातात. दार लोटून घेतात. मग आतून आवाज येतो. एके दिवशी उर्सुला आंटी मागच्या दाराने धावत आली. "शर्ली, तुझा बाप कंच्या भाषेत प्रार्थना करतो गं? लॅटिन नाय ती, मी लॅटिन ऐकलीय. कुठल्या तरी पंथाने धरला त्याला, बघ!" मी हसले, पण रात्रभर डोक्यात तेच. दुसऱ्या दिवशी कान देऊन ऐकलं, तर ते गाणं निघालं. लेखकाने आपल्या मनाने बनवलेली भाषा, आणि आपले पपा ती चर्चमधल्या लितानीच्या प्रार्थनेच्या चालीवर म्हणत होते.

पंथ नाही, मग बाई असेल, असं वाटलं. हसू नकोस. विधुर माणूस, पेन्शन आहे, दात शाबूत आहेत.

शेवटी ते बाजारात गेले की मीच पुस्तक उघडायला लागले, पुरावा शोधायला. सुरुवातीला नुसती झाडं आणि जेवणं. मला वाटलं, हे काय खूळ! पण एक साधा नावाडी आहे त्यात. कधी गाव सोडलेलं नाही, आणि जगातल्या शेवटच्या झाडाचं बी त्याच्या हातात पडतं. ते घेऊन त्याला उत्तरेला जायचं असतं, आणि वाटेत जो भेटेल तो त्याला जीव तरी लावतो नाहीतर फसवतो. कोण कुठला ते आधी कळतच नाही. अशा पुस्तकावर माझ्यासारख्या संशयी बाईचा जीव जडला नाही तरच नवल. बांगड्याचं कालवण करपलं त्या दिवशी. पपांनी काही न बोलता खाल्लं, तेव्हाच मला कळायला हवं होतं की मी चोरून वाचते हे त्यांना ठाऊक आहे.

त्यातच मला ती खूण दिसली. पुस्तकात ते मम्मीच्या मिस्साचं कार्ड खूण म्हणून ठेवतात. ते कार्ड शेवटाजवळ गेलं आणि मग मागे यायला लागलं. आज इथे, तर उद्या त्याच्या अलीकडे. वाचणारा माणूस पुढे जातो, मागे कोण जातो? म्हणजे वाचन हे नुसतं सोंग आहे, असं मी धरून चालले.

मग मी सरळ दाराला कान लावला. पपांनी एक पान वाचलं. थांबले. मग फोनमधून दुसऱ्याच कोणी पुढचं पान वाचायला घेतलं.

मर्विन, तू तोंडात घास असताना वाचतोस. रोझरीच्या वेळीही गालात चिंच ठेवून "हे पवित्र मरिये" म्हणायचास, आणि मम्मी तुझ्या पाठीत धपाटा घालायची. आवाज ओळखायला मला नाव विचारावं लागलं नाही. पार्सलचं वेष्टण मी गादीखालून काढलं, त्यावर तुझा पत्ता होता.

आता तिसरा संशय, ज्याच्यासाठी हे सगळं लिहिते आहे. बिल्डरचा माणूस गेल्या महिन्यात पुन्हा येऊन गेला. तू पपांना गोडीगुलाबीने सहीपर्यंत नेतो आहेस, असं माझ्या मनाने घेतलं. मी इथे एकटी. हे घर गेलं तर मी कुठे जायचं, हे तुम्हा दोघांपैकी कोणी कधी विचारलं नाही. म्हणून मी दार ढकलून आत गेले. तोवर तुझा फोन बंद झाला होता. मी म्हटलं, "तो घरासाठी गोड बोलतोय, पपा. सह्या झाल्या की पुस्तक मिटेल."

पपांनी चष्मा काढला. "घर मागायला एवढा जाड ठोकळा कोण वाचतो गं? दोन शब्दांत मागितलं असतं. मागच्या वेळी मागितलंच की."

"मग खूण मागे का जाते?"

त्यांनी पानातलं कार्ड बोटाने सरळ केलं. मग म्हणाले, "संपलं तर तो फोन कशाला करेल?"

तुला ते सांगतात ना, काल नीट कळलं नाही, परत वाचू? त्यांना सगळं कळतं. अर्धं पुस्तक पाठ आहे त्यांना.

आणि ते मध्येच गप्प होतात, तेव्हा तू "हॅलो पपा, ऐकू येतंय ना?" असं ओरडतोस. ओरडू नकोस. नेटवर्क जात नाही. आठवून बघ, रोझरी कशी व्हायची आपल्याकडे. पहिला भाग पपांचा, दुसरा मम्मीचा, तिसरा तुझा, चौथा माझा, मग पुन्हा पपा. ते वाचून झाले की मम्मीपुरते थांबतात. तुझं झालं की माझ्यापुरते. रोज दार लोटतात, पण कडी लावत नाहीत. मी इतके दिवस बाहेर उभी राहून तुम्हा दोघांवर संशय घेत होते, आणि आत माझी जागा रिकामी ठेवलेली होती. मला रडू आलं, रे. तुझा राग आला म्हणूनही आलं. मी त्यांचा गुडघा चोळायचा, आणि गोष्ट तू वाचायची!

माझा संशय पूर्ण गेलाय असं समजू नकोस. बिल्डरचं नाव काढलंस तर तो ठोकळाच तुझ्या डोक्यात घालीन.

मी शेवट वाचून बसले आहे. नावाडी गावी परत येतो की नाही, मला माहीत आहे. तुला सांगणार नाही, पपांनाही नाही. ऑक्टोबरमध्ये आगेराचा सण आहे, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादाला येतील. तेव्हा ये, आणि आतल्या खोलीत बसून तुझं पान वाच, तोंड रिकामं ठेवून. माझं पान मी फोनवर वाचणार नाही. तू समोर असशील तरच वाचीन.

तोवर पपा खूण मागे सरकवत राहतील. पण पुस्तकाला मागची पानं तरी किती असणार, मर्विन?

तुझ्यानंतर जिची पाळी आहे ती,
शर्ली