रविवारची सही

ती. दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? शिडी चढतोस, की अजून खाली उभा राहूनच पाट्या रंगवतोस? वहिनींची साखर उतरली का? आमच्याकडे सगळं बरं आहे. म्हणजे हे जेवतात, झोपतात आणि मला शांत राहा म्हणतात. पत्राला कारण आहे, पण ते मागाहून. आधी सगळं नीट वाच, उगाच खाली उडी मारू नकोस.

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात मी बावीस वर्षं चादरी पिळल्या, हे तुला ठाऊक आहे. गेल्या वर्षी मला वर घेतलं आणि धुतलेल्या चादरी-ब्लँकेटांच्या खोलीची किल्ली दिली. (बसायला स्टूलही आहे.) काम हलकं, पण रोज सकाळी किल्ली घेताना चौकीदाराच्या वहीत सही करावी लागते आणि सगळा घोळ तिथेच. मी चाळिशीची असताना तू मला अक्षरं आणि सही शिकवलीस, दुकानाच्या पाटीसारखी, वरची रेघ सरळ. घरी मी ती डोळे मिटून काढते. पण कोणी बघत उभं राहिलं की उजवा हात माझा राहत नाही. आधी मानेवर लाल चट्टे उठतात, मग तळहाताला घाम, मग पोटात कोणी खुर्च्या सरकवतंय असा आवाज, आणि शेवटी हाताची थरथर. ठरलेला क्रम, एकाचा नंबर दुसरा घेत नाही. मी घाबरट नाही हे तू जाणतोस. मोठ्या डॉक्टरला मी तोंडावर सांगितलंय की हात चादरीला पुसायचे नाहीत. तोंड घाबरत नाही, हात घाबरतो. त्याला मी काय करू?

उपाय केले. मोठी सिस्टर म्हणाली लांब श्वास घ्या. मी इतका लांब घेतला की चौकीदाराने स्ट्रेचर मागवलं. मग ती म्हणाली, समोरचा माणूस म्हणजे मळकी चादर आहे असं समजा. हे मला पटलं, पण त्याला गरम पाण्यात टाकायचा की रात्रभर सोड्यात भिजवायचा हे ठरवण्यात वेळ गेला आणि मागे रांग लागली. डाव्या हाताने उजवा दाबून धरला तर दोन्ही हलायला लागले. (एकाला दोन झाले.) मग मी नाद सोडला. वर्षभर वहीत रोज सही, आणि रोज वेगळी, आज मुंगी चालल्यासारखी तर उद्या गोम. चौकीदाराला सवय झाली, मला झाली, वहीलाही झाली असेल.

फक्त एका रविवारी चौकीदार लघवीला गेला होता आणि दारात चिटपाखरू नव्हतं. त्या दिवशी जी सही झाली ना दादा, तू बघायला हवी होतीस. रेघ अशी की तिच्यावर कपडे वाळत घालावेत. मी वही मिटली आणि पुन्हा उघडून बघितली. (दोनदा. तीनदा म्हण.)

नेमका त्याच आठवड्यात ब्लँकेटांचा एक गठ्ठा गायब झाला. चौकशीला तिघं बसले: हेडक्लार्क, स्टोअरचे साहेब आणि चष्म्याच्या वरून बघणाऱ्या एक मॅडम. त्यांनी वर्षभराच्या सह्या तपासल्या आणि निकाल दिला, बाईंच्या सगळ्या सह्या खऱ्या, रविवारची तेवढी खोटी, त्या दिवशी किल्ली दुसऱ्याच कोणी नेली. मी म्हटलं, अहो, खरी सही तीच, बाकीच्या नुसत्या थरथरी आहेत. मग आमच्यासमोर दहा काढून दाखवा म्हणाले. काढल्या. दहांपैकी दोघींची एकमेकींशी ओळखसुद्धा लागेना. तेव्हा मी सांगितलं, तिघंही भिंतीकडे तोंड करून बसा, आत्ता दाखवते. तर मॅडम म्हणतात, "बाई, सही समक्षच व्हावी लागते." गठ्ठा परवा सापडला, वरच्या मजल्यावर कोणी दार उघडं राहावं म्हणून लावून ठेवला होता. पण सहीची फाईल उघडली ती उघडलीच. सोमवारी अकरा वाजता पुन्हा दहा सह्या. जमल्या नाहीत तर किल्ली जाणार आणि मी परत पिळायला. पिळण्याचं मला काही नाही. (मनगटाला आहे.) पण ती सही हिची नव्हे, असं वहीत कायमचं लिहून ठेवणार आहेत.

तर असं आहे. मला काही वाटत नाही, नुसतं कळवलं. वहिनींना नमस्कार सांग, गुडघ्याला शेक दे.

तुझी,
धाकटी

ता.क. कारण राहिलं. हेडक्लार्क बाजूला घेऊन म्हणाला, घरच्या कोणी तुमच्यासाठी सही केली असेल तर तसं सांगून टाका, नुसती ताकीद देऊन फाईल बंद करू. तुझा हात पाटीवाल्याचा, कोणीही विश्वास ठेवील. तर सोमवारी ये आणि रविवारची सही माझी म्हणून सांग. इस्त्रीचा शर्ट घाल.

आणखी ता.क. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून हे लिहितेय. वरचं खोडलं असं समज. ती सही माझी आहे आणि ती मी कोणाला देणार नाही, तुलासुद्धा नाही. तू मात्र ये. बोलायचं काही नाही, फक्त तिघांच्या बाजूला उभा राहा. चारचौघांत कोणी नाव विचारलं की तुला उचकी लागते, लग्नात अर्धं वऱ्हाड तुला पाणी द्यायला धावलं होतं, ते मी विसरले नाही. मॅडम नाव विचारतीलच. लागू दे, दाबू नकोस. तिघं तुझ्याकडे वळले तरी खोलीतच असणार, म्हणजे समक्षच झालं. पाणी पुढे करतील. माझ्या दहा होईपर्यंत घ्यायचं नाही.