गिरिराजची अकरा अंडी

के. आर. पुरम, बेंगळुरू
२२ नोव्हेंबर २०२५

प्रिय श्वेता,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. ह्यांचं ब्लडप्रेशर आटोक्यात आहे. ईशान भाऊजींना सांग, दर रविवारी फोन करून भावाला घाबरवू नका म्हणावं. तू ठेवून गेलेल्या चारही गिरिराज कोंबड्या मजेत आहेत. पावसाळ्यात माझ्या दोन गावरान कोंबड्या गेल्या, तुझ्या शिंकल्यासुद्धा नाहीत. मिळेल ते खातात आणि अंडी देतात. तुझा कोंबडा दसऱ्यानंतर कापला. चार किलोच्या वर भरला, दोन घरांना पुरला. खरं सांगू का, अजूनही ह्या कोंबड्यांकडे पाहिलं की माझं डोकं फिरतं.

जळते मी तुझ्यावर. लिहून टाकलं एकदाचं.

आठ वर्षं मी ह्या अंगणात कोंबड्या पाळल्या, कुणी ढुंकून पाहिलं नाही. तू वरच्या मजल्यावर राहायला आलीस, हेब्बाळहून खोक्यातून ह्या गिरिराज जातीची पाच पिल्लं आणलीस आणि बघता बघता सगळं घर अंगणात. माझ्या हातचं ऑम्लेट नाक मुरडून खाणारे हे, तुझी अंडी शेजाऱ्यांना नेऊन दाखवायचे. तेही चाललं असतं. पण सिद्धी शाळेतून आली की दप्तर माझ्यापुढे टाकायची आणि जिना चढायची. पहिली पाळी आली तेव्हाही तिने आधी तुला सांगितलं. मला तू सांगितलंस. वर म्हणालीस, "वहिनी, घाबरलीय ती, रागावू नका." माझ्या मुलीवर मी रागवू नये, हे तू मला सांगायचं?

त्याच आठवड्यात तुला पिल्लं काढायची हौस आली. गिरिराज अंडी भरपूर घालते, पण उबवायला काही बसत नाही. त्यासाठी माझी तांबडी गावरानच लागणार होती. ती तेव्हा खुडूक होऊन टोपलीत ठाण मांडून बसली होती. तू मागायला आलीस तेव्हा किती बरं वाटलं मला. सिद्धीने पेन्सिलीने नंबर घालून अकरा अंडी स्वतःच्या हाताने तांबडीखाली ठेवली. प्रत्येक अंडं ठेवताना ती तुझ्याकडे बघत होती. मी तिथेच उभी होते.

दुसऱ्या दिवशी तू ऑफिसला, ती शाळेत. मी अकराही अंडी काढली, पातेल्यात उकडली, गार केली, टिपून परत ठेवली. नंबरसुद्धा जाऊ दिले नाहीत, इतकी काळजी घेतली. तांबडीने हाताला चोच मारली, तेवढंच.

एकवीस दिवस झाले, बावीस झाले, पंचवीस झाले. तांबडीने खाणं जवळजवळ सोडलं, पोटाखालची पिसं गेली, तरी उठेना. त्या सकाळी आपली यल्लव्वा भांडी घासता घासता सिद्धीला सहज म्हणाली, "पाळीत स्वल्प हात लागला तरी अंडी मरतात. तू लावला होतास ना?" पोर पांढरीफटक पडली. मी तिथेच कांदा चिरत होते. एक शब्द बोलले नाही.

तू बोललीस. पण त्याआधी धुण्याच्या दगडाआड एक अंडं फोडलंस, ते मी खिडकीतून पाहिलं. हातातल्या उकडलेल्या अंड्याकडे बघितलंस, मग खिडकीकडे. ते मातीत पुरलंस आणि सिद्धीला जवळ घेऊन म्हणालीस, "अगं, माझा कोंबडाच लठ्ठ, त्याच्यामुळे फुकट गेली अंडी. तुझ्या हाताचा काय संबंध?" दोन महिन्यांनी, ऑफिस जवळ पडतं म्हणून, तुम्ही इंदिरानगरला गेलात. मला तू काहीच विचारलं नाहीस. श्वेता, मला त्याचाही हेवा वाटला. तू भांडली असतीस तर माझ्या बरोबरीची झाली असतीस.

वर्ष होऊन गेलं. वाटलं, पोर विसरली. परवा समोरची अमृता तिचं दीड महिन्याचं बाळ घेऊन आली होती. सिद्धीच्या मांडीवर ठेवायला गेली तर हिने दोन्ही हात पाठीमागे नेले. अमृता गेल्यावर मला म्हणाली, "आई, माझी पाळी चालू आहे. त्याला काही झालं असतं म्हणजे?"

म्हणजे तुझं तिला पटलंच नव्हतं. आई काही बोलली नाही, म्हणजे यल्लव्वाचंच खरं, असं धरून ती वर्षभर राहिली.

तिला तोंडाने सांगायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा जेवायला काय करू, एवढंच विचारलं. मला भीती वाटते. हे कळलं की ती कायमची तुझी होईल. तेव्हाही हीच भीती होती, आणि त्या भीतीपायी मी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

आज ती मेट्रोने तुझ्याकडे येते आहे. पत्र तिच्याच हाती देते. पाकीट चिकटवलेलं नाही. "बसायला जागा मिळाली की आधी स्वतः वाच आणि मग काकूला दे," असं तिला सांगते आहे.

रडली तर जवळ घे. आणि संध्याकाळी घरी जायचं नाही म्हणाली, तर माझ्यासाठी तिला आग्रह करू नकोस. ठेवून घे.

सिद्धीची आई,
संध्या