नीऱ्यावरचं चाक

आई, त्या चाकाची खरी किंमत तू कधी विचारली नाहीस, म्हणून आज सांगतो. मी भंगाराच्या भावाने घेतलं, म्हणजे स्वस्तात पडलं, असं तू सगळ्यांना सांगायचीस. सुर्ल्याच्या धक्क्यावर जुन्या होडीतून त्या चाकासकट अख्खं डिझेल इंजीन उतरवताना माझ्या डाव्या अंगठ्याचं नख गेलं, ते परत सरळ उगवलंच नाही. ते घरापर्यंत आणून देणाऱ्या ट्रकवाल्याचा गिअरबॉक्स मी माझा रविवार घालून उघडून, धुऊन, लावून दिला. आणि वर तुझ्याशी एक अख्खा पावसाळा अबोला. एवढं सगळं धरलं तर पेडणे तालुक्यात त्याच्याइतकं महाग चाक दुसरं नसेल. आणि तू ते उचलून काजूच्या चोथ्यावर ठेवलंस.

राग गेलेला नाही. तू गेलीस त्यालाही किती वर्षं झाली, तेव्हाच्या तुझ्या वयाहून मी आता मोठा आहे, गुडघे तुझ्यासारखेच वाजतात, पण ती दुपार आठवली की अजून माझे कान तापतात. मी तेव्हा सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकांच्या गॅरेजात कामाला, आठवड्याने घरी येणारा. इंजीन मागच्या पडवीत सुटं करून ठेवलेलं. पिस्टन तुझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, हेड पाटावर, आणि भिंतीला टेकून फ्लायव्हील, ते जड ओतीव चाक, जे फिरत राहून इंजिनाचा ठोका एकसारखा ठेवतं. मी मोटारसायकल उभी करतो, चपलाही न काढता पडवीत जातो, आणि भिंतीपाशी नुसता गोल डाग. 'आई, चाक खंय?' तू चुलीवरचं कालवण ढवळत, मान न वळवता म्हणतेस, 'आसा मरे. कामाक लागलां.'

कामाला! परसात जाऊन बघतो तर तुडवलेल्या काजूबोंडांचा चोथा रानवेलीने बांधलेला, त्यावर फळी, आणि फळीवर, दरवर्षी जिथे दगड असायचे तिथे, माझं फ्लायव्हील. खाली मडक्यात नीरो, चोथ्यातून निथळणारा रस, ठिबकतोय, थेंब थेंब, अगदी संथ. काजूचा रस लोखंडाला काय करतो हे तुझ्या कोयत्याला विचारलं असतंस तरी कळलं असतं. मी ओरडलो, तेव्हा तू हात पुसत बाहेर आलीस आणि मलाच सुनावलंस. 'दगड एका वाटेन कलंडतत. ह्यां बरां, सगळीकडसून सारक्यां दामता. तुजां इंजीन वर्सभर पडवेक बसान आसा, ताका कोणी कायेक म्हटलां? तेचां एक चाक चार दीस माज्या उपेगाक पडलां तर तुज्या पोटात दुखता!' कुंपणापलीकडून काकी सगळं ऐकत उभी होती. तिने मला समजावायचं, तर ती तुलाच विचारते, 'गो, माज्या घोवाच्या स्कूटराचां असां कायतरी मेळात काय?' आणि तुम्ही दोघी हसलात. मी तिथे घामाघूम, हातात चाक न्यायला उचललेलं रिकामं पोतं, आणि तुम्ही हसताय. मग तू तांब्यात ताजा नीरो ओतून माझ्यापुढे धरलास. मी तो घेतला नाही. आयुष्यात मी नीरो नाकारला तो तेवढा एकदाच.

बाबांच्या मागे डोंगराचा तो तुकडा तू एकटीने सांभाळलास, बोंडं वेचताना कंबर धरायचीस, हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण तालुक्यात दगड संपले होते का? माझं वर्षभराचं स्वप्न तेवढं सपाट आणि तेवढं जड होतं, म्हणून तुला सोयीचं वाटलं! हंगाम संपेपर्यंत तू ते परत दिलं नाहीस. दिलंस तेव्हा त्याच्या कडेला बारीक खड्डे पडले होते, देवी आलेल्या माणसाच्या तोंडासारखे. पावसाळाभर मी तुझ्याशी बोललो नाही. तू ताट वाढायचीस, मी जेवायचो, आणि मध्ये फक्त पाऊस बोलायचा.

आणि मग खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं, यंत्रं देवापुढे मांडतात, म्हणून मी पाने, स्क्रू-ड्रायव्हर पुसून आणले, तर पाटावर तुझ्या कोयत्याशेजारी ते चाक आधीच मांडलेलं. झेंडूची माळ, हळद-कुंकू, आणि चकचकीत. मला एक क्षण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी विचारलं, कशाने घासलंस? तू मोठ्या अभिमानाने म्हणालीस, 'चिंचेन.' चिंचेने, आई! लोखंड! ते काय देवघरातलं तांब्याचं ताम्हण होतं? एका आंबटाने खाल्लं ते पुरे नव्हतं, म्हणून तू दुसरं चोळलंस. आपला अबोला सुटला तो त्या ओरडण्याने, हीसुद्धा आपल्या घराची तऱ्हाच.

पुढचं तुला ठाऊक आहे, थोडं नाहीही. पेडण्याच्या बाजारात माझं सुट्या भागांचं दुकान झालं, मागे गॅरेज झालं. दिवसभर लोकांची इंजिनं आणि रविवारी स्वतःची, हाच शौक. तीन जुन्या मोटारसायकली मी मातीतून उठवून रस्त्यावर आणल्यात. आणि हे सगळं कानांवर. उगाच मोठेपणा सांगत नाही, नाक्यावर टेम्पो वळला की तो कुणाचा आणि त्याचा कुठला व्हॉल्व्ह सैल आहे, ते मी गल्ल्यावर बसून सांगतो. गिऱ्हाइकं पैजा लावतात आणि हरतात. लोक इंजीन उघडून बघतात, मी नुसता ऐकतो.

गेल्या वर्षी मी लाकडी होडी बांधून घेतली आणि तुझं ते, म्हणजे माझं ते इंजीन एकदाचं तिच्यात बसवलं. शापोरा नदीच्या पाण्यात उतरवली, हँडल मारलं, दुसऱ्या फेऱ्याला सुरू झालं. डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि तेवढ्यात ऐकलं, टक्. ठोक्याच्या मागे, बारीक, नेमकं. टक्. बेअरिंग बदलली, पिन बदलली, टॅपेट पुन्हा पुन्हा लावले. टक् आहेच. उरलं काय, तर तुझ्या नीऱ्याने खाल्लेलं चाक. माझ्याकडचा बेळगावचा मेकॅनिक, वीस वर्षांपासूनचा सोबती, इंजिनाला कान लावून म्हणतो, 'मालक, मशीन चोख हाय. टक्-बिक् काय न्हाई बगा.' मी त्याला म्हटलं, तुझे कान अजून कच्चे आहेत. तुझी सून तर कहरच करते. 'माजी हाक तुमकां आयकूंक येना, आनी जो आवाज मुळांत ना तो बरो येता!'

मी कुणाचं ऐकलं नाही. काल चाक उतरवलं. नवीन सांगून ठेवलंय, ते पुढच्या आठवड्यात येईल. हे घेऊन जायला आज भंगारवाल्याला बोलावलंय, आणि तो येईपर्यंत पडवीत बसून हे लिहितोय. हा कागद गुंडाळून चाकाच्या मधल्या भोकात घालायचा आणि दोन्ही एकदम घरातून घालवायचं, असं ठरवलं होतं. तुझ्यापर्यंत पोचायला दुसरा रस्ता मला माहीत नाही, आणि भट्टीत वितळेल तेव्हा तरी तुझ्या-माझ्यातलं हे भांडण मिटेल.

आत्ताच तुझी सून कमरेवर हात ठेवून दारात येऊन उभी राहिली. 'भंगारवालो गेलो. फाटकार रावून हॉर्नार हॉर्न मारी होतो, तुमी वळूनसुदां बगूंक ना!' मी म्हटलं, हॉर्न वाजलाच नाही. तिने कमरेवरचे हात खाली सोडले, माझ्या कानांकडे बघितलं आणि आत गेली.

आता पडवीत कुणी नाही. होडी खाली नदीवर ताडपत्रीखाली आहे. फ्लायव्हीलशिवाय ते इंजीन सुरूच होऊ शकत नाही, आणि फ्लायव्हील इथे माझ्या पायाशी पडलंय, तुझे खड्डे वर करून. तरी टक् ऐकू येतंय.